पुढचा पंप ३६५ किलोमीटर

आमच्या घरात उत्तर दिशा म्हणजे पत्रादेवी, गोव्याची वेस. पत्रादेवीचा चेकनाका ओलांडला की बांदा, मग सावंतवाडी, आणि त्याच्यापुढे बाबांच्या डोक्यातल्या नकाशात थेट मुंबई. मोटारसायकलवरून बाबा उत्तरेला सर्वांत लांब गेले ते सावंतवाडीपर्यंत, तेही एका पॅसेंजरची शेवटची बस चुकली म्हणून. रात्री उशिरा घरी आले आणि सकाळी साडेसहाला पुन्हा स्टँडवर हजर. त्या फेरीची गोष्ट आमच्याकडे अजून सांगितली जाते, आणि दर वेळी पाऊस थोडा वाढतो.

बाबा पायलट. गोव्याबाहेरच्यांना हे उलगडून सांगावं लागतं. मी पुण्यात शिकत असताना ‘वडील काय करतात?’ या प्रश्नाला ‘पायलट’ म्हणालो की समोरच्याचा चेहरा बदलायचा, आणि तो बदल मी दोन-तीन सेकंद तसाच राहू द्यायचो. मग सांगायचो, की आमच्याकडे पायलट म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला. पुढचं मडगार्ड पिवळं, मागची सीट भाड्याची. आमच्या साखळी गावाच्या बसस्टँडवर बस लागली की उतरणाऱ्यांकडे बघून ‘पायलट?’ एवढाच एक शब्द. मग सोमवारच्या बाजाराच्या पिशव्या मांडीवर घेतलेली बाई, कधी गॅसचा रिकामा सिलिंडर, कधी शाळा चुकवून निघालेला मुलगा. तीस वर्षं हेच.

एकदा मी हिशेब केला. रोजचे ६०-७० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, गुणिले तीस. सहा लाखांच्या आसपास जातं. विषुववृत्तावरून पृथ्वीला पंधरा प्रदक्षिणा, आणि त्या सगळ्या साखळी, डिचोली, केरी, होंडा, वाळपई यांच्यातच. मी मोठ्या कौतुकानं आकडा सांगितला तर बाबा म्हणाले, “अर्दे परततना रितेच.” परतीचं भाडं मिळत नाही, त्याचं त्यांना अजून दुःख.

पायलट कधी टाकी फुल करत नाही. सकाळी पन्नासचं घालतो, दोन भाडी झाली की परत पन्नासचं. हातात येईल तसं टाकीत. २०१२ च्या एप्रिलमध्ये पर्रीकर सरकारनं पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला आणि लिटरमागे ११ रुपये उतरले. पलीकडचे सिंधुदुर्गातले लोक टाक्या भरायला पत्रादेवीला यायचे. त्या आठवड्यात बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा टाकी काठोकाठ भरली. संध्याकाळी घरी येऊन गाडी अंगणात लावली आणि टाकीचं झाकण उघडून आईला दाखवलं. दागिना दाखवावा तसं.

तर अशा माणसाला मी २०२२ च्या पावसाळ्यात सांगितलं, की मी मोटारसायकलनं मनालीहून लेहला जाणार. कामासाठी नाही. कोणाला पोचवायला नाही. जायचं आणि यायचं.

बाबांनी एकच विचारलं, “थंय पेट्रोल मेळटा मरे?”

आईचा प्रश्न वेगळा होता. त्या वर्षी चवथ ३१ ऑगस्टला. माटोळी बांधायच्या आत घरात पाहिजेस, मग कुठंही जा. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायची लाकडी चौकट. तिला रानातली फळं, वेली, नारळ, सुपाऱ्या टांगायच्या. ते सामान गोळा करणं हे माझं नि बाबांचं काम. हिमालय झाला तरी त्याला चवथीच्या आतच बसवायचं होतं.

गाडी म्हणजे माझी २०१३ ची क्लासिक ३५०, सेकंडहँड, कार्बोरेटरवाली. मडगावहून संपर्क क्रांतीला पार्सलात टाकून चंदीगडला पाठवायची ठरलं. पार्सलात गाडी देताना टाकीत पेट्रोल ठेवता येत नाही. बाबा माझ्याबरोबर मडगावला आले होते. त्यांनी पाइप तोंडात धरून पेट्रोल ओढलं, बाटलीत सोडलं, शेवटचा थेंब पडेपर्यंत गाडी डावीकडे झुकवून धरली. मग पॅक करणाऱ्यांनी तिला पेंढा नि गोणपाट गुंडाळून वर नाव लिहिलं. गाडी ओळखूच येईना. बाबा दीड लिटरची ती बाटली घेऊन बसनं साखळीला परतले. त्यांना वाटत होतं, निम्मं काम झालं.

चंदीगड ते मनाली हा रस्ता लिहिण्यासारखा आहे, पण मी लिहिणार नाही. पाऊस, ट्रक, दरडी, आणि पुन्हा ट्रक.

मनालीत मात्र एक गंमत झाली. उंचावर हवा विरळ होते, पण कार्बोरेटरला ते कळत नाही. तो पेट्रोल सोडायचं तेवढंच सोडत राहतो. मग हवा कमी, पेट्रोल जास्त, प्लग काजळतो, धूर काळा येतो, गाडी चढावर गुदमरते. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या हे प्रमाण आपलं आपण जुळवून घेतात. आमच्या गाडीला मात्र कोणीतरी स्क्रूड्रायव्हर घेऊन समजवावं लागतं. मनालीतला मेकॅनिक विशीतला पोरगा होता. कार्बोरेटर उघडून म्हणाला, “भैया, मेन ठीक है. पायलट सेट करना पड़ेगा.” मी चमकून बघितलं. कार्बोरेटरमध्ये दोन जेट असतात. एक मेन, तो गाडी सुसाट पळताना कामाला येतो. दुसरा बारीक, त्याचं नाव पायलट. गाडी उभी असताना, हळू चालताना इंजिन त्याच्यावर जगतं. मी त्याच संध्याकाळी घरी फोन करून हे सांगितलं. बाबा बराच वेळ हसले, मग म्हणाले, “आनी मेनाक दिसता गाडी तोच चलयता.”

पूर्वी मनालीतून निघालं की पहिला मार रोहतांग खिंडीचा, ३,९७८ मीटर. आता ९ किलोमीटरचा अटल बोगदा आहे, ३ ऑक्टोबर २०२० पासून चालू. अलीकडच्या तोंडाशी देवदार, ढग, पाऊस, रेनकोट. आत पिवळे दिवे आणि आपल्याच इंजिनाचा आवाज. पलीकडे बाहेर पडलो तर ऊन. रस्ता कोरडा, डोंगर उघडे, आभाळ निळं करकरीत. चोर्ला घाट चढून बेळगावच्या बाजूला लागलं की पाऊस मागे राहतो, तो अनुभव आम्हा साखळीकरांना आहे. पण चोर्ल्यात पाऊस हळूहळू आवरतो. इथं कोणी दार लावून घेतल्यासारखा संपला. मला जरा फसल्यासारखंच वाटलं. रोहतांग न चढता लाहौलात येणं म्हणजे जेवण न करता विडा खाणं.

पुढे तांदी. इथं चंद्रा आणि भागा या दोन नद्या भेटतात आणि चंद्रभागा होते; पुढे जम्मूत शिरली की तीच चिनाब. नकाशावर हे मी आधी वाचलं होतं, तरी पुलाजवळ पाटीवर ‘चंद्रभागा’ वाचल्यावर गाडी बाजूला घेतली. आमच्या साखळीला विठ्ठलापूर आहे, विठोबाचं देऊळ आहे, शेजारून वाळवंटी वाहते, चैत्रात उत्सव. चंद्रभागा म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे एकच नदी, संथ, वाळूची, अबिराच्या वासाची. इथली चंद्रभागा सिमेंट कालवल्यासारखी राखाडी, आणि तिचा आवाज एवढा की शेजारच्याशी बोलता येत नाही. खाली उतरून हात घातला आणि लगेच काढला. बर्फाचं पाणी ते. डोळ्यांना लावायचं राहूनच गेलं.

तांदीचा पेट्रोलपंप या रस्त्यावर प्रसिद्ध आहे तो तिथल्या पाटीमुळे. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, असं ती सांगते. सगळे तिच्याजवळ उभे राहून फोटो काढतात. मीही काढला. मग बाजूला बसून वहीत गणित केलं. माझी टाकी साडेतेरा लिटरची. साखळी-पणजी रस्त्यावर गाडी पस्तीसचं अॅव्हरेज देते, पण पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, विरळ हवेत, सामान लादून सत्तावीस मिळालं तरी पुष्कळ. साडेतेरा गुणिले सत्तावीस, ३६४.५. अर्धा किलोमीटर कमी.

खरं तर लेहच्या अलीकडे कारूला पंप आहे, त्यामुळे एवढी वेळ येत नाही. तरी मी पाच लिटरचा कॅन भरून घेतला. जगाच्या उत्तर टोकाला, अलास्कात डाल्टन हायवेवर, कोल्डफूटहून डेडहॉर्सला जाताना ३८६ किलोमीटर काहीही नाही, ना पंप, ना टपरी. तेलाच्या पाइपलाइनसाठी १९७४ मध्ये बांधलेला तो रस्ता. तिथं जाणारे मोटारसायकलवालेही असाच कॅन बांधून, असंच गणित करत निघत असणार. अशा रस्त्यावर निघालेल्याला आपण मोकळे झालो, वाऱ्यावर स्वार झालो, असं वाटतं म्हणतात. माझा अनुभव उलटा. एवढा हिशेबी मी जन्मात कधी झालो नव्हतो. पेट्रोल किती, पाणी किती, उजेड किती उरला, पुढचा नाला किती वाजता लागेल, डोकं दुखतंय ते हेल्मेटनं की उंचीनं. सगळा दिवस त्रैराशिकं.

नाल्यांचं गणित जिस्पाच्या ढाबेवाल्यानं शिकवलं. रात्री वरचं बर्फ गोठलेलं असतं, तोवर नाल्याला पाणी बेताचं. दहा-अकरापासून ऊन लागतं, बर्फ सुटतं, आणि जिथं सकाळी घोटाभर पाणी होतं तिथं दुपारी गुडघाभर. म्हणून पहाटे निघायचं. मी निघालो सात वाजता, कारण सॅडल बॅगा बांधायला मला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो.

बारालाचा खिंडीच्या अलीकडे तो नाला लागला. वीसेक फूट रुंद, वरून येऊन रस्ता धुऊन खाली जाणारा. मला उगीच आत्मविश्वास होता. खाणी जोरात असताना आमच्या भागातल्या रस्त्यांवर पावसाळ्यात टिपरांनी जो तांबडा रेंदा केलेला असायचा, त्यात मी गाडी शिकलोय. ब्रेक लावायचा नाही, हँडल वळवायचं नाही, बघायचं पलीकडे. नियम तेच. पहिला गिअर, आवाज एकसारखा, नजर समोरच्या काठावर. अर्ध्यापर्यंत सगळं बाबांनी शिकवल्यासारखं झालं. मग पुढचं चाक पाण्याखालच्या एका गोट्यावर चढलं आणि घसरलं. मी क्लच दाबला. दाबायचा नव्हता. इंजिन बंद. दोन्ही पाय पाण्यात, बुटात पाणी शिरल्याचं आधी कळलं नाही, आधी फक्त चटका बसला, भाजल्यासारखा. गाडी धरून उभा, पाणी चाकाच्या आऱ्यांतून फेसाळत चाललंय, आणि मला ना पुढे जाता येतंय ना तिला सोडता येतंय.

काठावर चार-पाच माणसं डांबराच्या पिंपाजवळ बसली होती. तोंडाला फडकी बांधलेली, डोळे तेवढे दिसत होते. कोणी काही विचारलं नाही. दोघं गमबूट घालून पाण्यात उतरले, एकानं कॅरियर धरला, दुसऱ्यानं मागून खांदा लावला, आणि ‘हो’ म्हणून ढकललं. काठावर आणून गाडी स्टँडला लावली नि परत पिंपाजवळ जाऊन बसले. मी थँक्यू म्हणेपर्यंत त्यांचं तिसऱ्याशी काहीतरी बोलणं सुरू झालं होतं. त्यांच्या दिवसातला तो अर्धा मिनिट. माझ्यासारखे तिथं रोज किती जण बंद पडत असतील.

बूट उपडे केले, मोजे पिळून सायलेन्सरला गुंडाळले. आईनं खाजें नि चिवडा ज्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून दिला होता, त्या कोरड्या मोज्यांवर चढवल्या आणि वरून ओले बूट. त्यातल्या एका पिशवीवर साखळीच्या एका दुकानाचं नाव होतं. ४,८९० मीटरवरचा बारालाचा मी त्या दुकानात पाय घालून ओलांडला.

सरचूची रात्र वाईट गेली. ४,२०० मीटरच्या वर तंबूत झोपायचं. डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली होती, पाणी पीत होतो, तरी डोक्यात मागून कोणी खुंटी मारतोय. त्याहून वाईट म्हणजे झोप लागली की श्वास थांबायचा. खरंच थांबायचा. उंचावर शरीर असं करतं. श्वास खोल होत जातो, मग उथळ, मग काही क्षण नाहीच, आणि माणूस दचकून उठतो. दरवेळी उठलो की आधी अंधार, मग तंबूचं फडफडणं, आणि मग आपण कुठं आहोत ते. शेजारच्या तंबूत कोणीतरी ओकत होतं. पहाटे तीनला मी निर्णय घेतला होता की इथूनच परत फिरायचं. सहा वाजता ढाबेवाल्यानं गरम चहा नि मॅगी दिली आणि तो निर्णय कोणाला सांगायचाच राहिला.

सरचूनंतर गाटा लूप्स. एकवीस वळणं, एकावर एक, खालून बघितलं तर डोंगराला चकलीचा साचा लावल्यासारखी. मधल्या एका वळणावर पाण्याच्या बाटल्यांचा ढीग आहे. गोष्ट अशी सांगतात, की फार वर्षांपूर्वी एक ट्रक इथं बंद पडला, ड्रायव्हर मदत आणायला गेला, बर्फ पडलं, आणि मागे राहिलेला क्लीनर तहानेनं नि थंडीनं गेला. तेव्हापासून तो येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाणी मागतो. म्हणून लोक बाटली ठेवतात, सिगारेटही ठेवतात. सोबतच्या एका दिल्लीकराला हे फार विचित्र वाटलं. मला नाही. आमच्या गावाच्या वेशीवर देवचार आहे, गावाचा राखणदार. रात्री उशिराचं भाडं असलं की बाबा तिथं गाडी हळू करून एक विडी टाकतात, न थांबता, गिअर न बदलता. रोट आणि सोरो, म्हणजे जाड भाकरी नि दारू, वर्षातून एकदा. मी एक बाटली ठेवली, अर्धी. पाण्याचा हिशेब मलाही होताच.

तिथंच, खालच्या वळणांचा फोटो काढायला मी गाडी वळणावरच उभी केली. मागून ट्रक आला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, काच खाली केली आणि माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली. मला राग यायला हवा होता, पण आलं हसू. कारण रेंट-अ-बाइक घेऊन पेडण्यातल्या केरीच्या फेरीधक्क्यावर किंवा चोर्ल्याच्या ऐन वळणावर सेल्फीसाठी आडवे उभे राहणाऱ्यांना मी स्वतः, शुद्ध कोकणीत, हेच ऐकवत आलोय.

लाचुलुंग ला (‘ला’ म्हणजे खिंड) ५,०६५ मीटर. त्याच्यावर सीमा सडक संघटनेची पाटी, ‘आफ्टर व्हिस्की, ड्रायव्हिंग रिस्की’. गोव्याच्या गाडीवाल्यानं तिच्यासमोर उभं राहून फोटो पाठवला तर मित्रांकडून काय उत्तरं येतात ते छापण्यासारखं नाही. मग पांग, आणि पांगच्या वरचा चढ संपला की एकदम मोरेचं पठार. चाळीस किलोमीटरच्या आसपास सरळ, गुळगुळीत रस्ता, दोन्हीकडे पिवळं-करडं माळरान, लांबवर डोंगर, आणि हे सगळं ४,७०० मीटरच्या आगेमागे. तीन दिवसांत पहिल्यांदा चौथा गिअर पडला. हेल्मेटच्या आत मी ओरडतसुद्धा होतो.

पठार सुरू होतं तिथं रस्त्याकडेला एक माणूस उभा होता. काळपट जॅकेट, कानटोपी, हातात एक पातेलं नि गाठोडं. त्यानं हात केला. तो हात मी ओळखला. पर्यटक अंगठा वर करतो. हा तसा नव्हता. कोपरात किंचित वाकवलेला, तळवा खाली, बस किंवा पायलट थांबवायचा हात. साखळीच्या तिठ्यावर असा हात रोज दिसतो.

“डेबरिंग कैंप. छोड़ देंगे?”

मागच्या सीटवर माझी बॅग होती. ती सोडून टाकीवर पुढे बांधली, पातेलं सॅडल बॅगेला लटकवलं. तो बसला. खांद्याला हात न लावता, मागे कॅरियर धरून, गुडघे आत घेऊन. रोज मागे बसणारी माणसं बसतात तसा. मी क्लच सोडला आणि लक्षात आलं, की माझा हात आपोआप हलका झालाय. खड्डा दिसला की आधीच वेग उतरतोय, गिअर असा पडतोय की मागच्याला झटका बसू नये. बाबा मला शिकवताना म्हणायचे, “फाटल्यान मनीस बसलो काय गाडी ताची.” तीन दिवस ती माझी होती. आता चाळीस किलोमीटर त्याची.

तो दुमक्याचा. झारखंड. या रस्त्यांवर काम करणारे बहुतेक तिकडचेच, पिढ्यान् पिढ्या. उन्हाळ्यात यायचं, बर्फ पडायच्या आत परतायचं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लेहला अडकलेल्या अशाच साठ मजुरांना झारखंड सरकारनं विमानानं रांचीला नेलं होतं, ती बातमी मी वाचली होती. मी त्याला ते विचारलं. तो म्हणाला, “हम नहीं थे उसमें. हम पैदल-ट्रक से गए.” पुढे काही नाही.

वाऱ्यात बोलणं तुटत होतं. मी कुठला विचारल्यावर गोवा सांगितलं.

“समुंदर वाला?”

“हाँ.”

थोड्या वेळानं, “कितना दिन लगता है ट्रेन से?”

मी सांगितलं. पुन्हा काही वेळ नुसता वारा. मग त्यानं विचारलं, “उधर रेट क्या चल रहा है? हेल्पर का?”

मला माहीत नव्हतं. माझ्या गल्लीत दोन घरांची बांधकामं चालू होती. त्याच्यासारखीच माणसं, कदाचित त्याच्याच गावची, रोज सकाळी माझ्या अंगणासमोरून डबे घेऊन जात होती. तांदीपासून टांगलांग लापर्यंत कुठं किती मीटर उंची, कुठल्या ढाब्यावर बाटलीतलं पेट्रोल किती जास्त भावानं मिळतं, हे मला पाठ होतं. हेल्परचा रेट माहीत नव्हता. मी म्हणालो, “अच्छा मिलता है.” तो मागे काही बोलला नाही. असलं उत्तर देणारी माणसं त्यानं याआधीही पाहिली असणार.

डेबरिंगला कॅम्पजवळ तो उतरला. पातेलं सोडवून घेतलं, खिशातून एक वीसची नोट काढून पुढे केली. मी नको म्हणालो. त्यानं पुन्हा पुढे केली, मी पुन्हा नको म्हणालो. मग त्यानं नोट घडी घालून ठेवली, पण चेहरा काही खूश नव्हता. तंबूंकडे चालत गेला. पत्र्याच्या शेडबाहेर दोन मुलं खेळत होती, नाकं थंडीनं लाल. मी ज्या रस्त्याला दुर्गम म्हणत इथवर आलो होतो, तो त्या पोरांचं अंगण होता.

टांगलांग ला, ५,३२८ मीटर. हवा समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मी, गाडीचे वीसातले दहा घोडे वाटेत कुठंतरी पळालेले. पहिल्या गिअरवर, मी हँडलवर पुढे झुकून, ‘चल गे बाय’ म्हणत. वर पताका फडफडत होत्या, दहा जण फोटो काढत होते, मी थांबलो दोन मिनिटं. का कोणास ठाऊक, उत्साह आला नाही. उतरून रुमत्से, उपशी, मग कारूचा पंप. टाकीत अजून दीड-दोन लिटर उरलं होतं. पाच लिटरचा कॅन मी चार खिंडी फिरवून तसाच बंद आणला होता; तो तिथं टाकीत ओतला, म्हणजे पंपावर उभा राहून.

लेहमध्ये सगळे भेटतात. कोण किती तासांत आला, कोण कुठल्या गाडीनं, कोणी काय काय ओलांडलं. मीही सांगितलं. नाल्याची गोष्ट सांगितली आणि ढकलणारी माणसं दोन वाक्यांत आटोपली. परतताना झोजीला उतरून श्रीनगर, जम्मू करत चंदीगड, तिथून पुन्हा पार्सल. २६ ऑगस्टला घरी.

चवथीच्या आधीचा शनिवार. बाबा पडवीत बसून माटोळीची चौकट बांधत होते. मी अंगणात गाडी धूत होतो. चेनगार्डमधून लडाखची माती निघत होती, आमच्या मातीपेक्षा फिकी, पिठासारखी. साखळीच्या तांबड्या चिखलावरून पांढरा ओघळ गटाराकडे चालला होता. बाबांनी दोरीची गाठ दातांनी ओढत विचारलं, “आनी फाटल्यान कोण बसलो काय ना, इतल्या दिसांनी?”

मी दुमक्याच्या माणसाचं सांगितलं. नोटेचं सांगितलं.

“वीस?” बाबा ताठ झाले. “चाळीस किलोमीटराक वीस रुपया?”

“मी घेतले नाहीत.”

“तें तुजें,” म्हणाले, आणि पुन्हा दोरीकडे वळले. त्या भावानं त्यांना अजून बरं वाटत नव्हतं.

मग मी रेटचं सांगितलं. त्यानं काय विचारलं आणि मी काय म्हणालो ते.

बाबांनी मान वर केली नाही. रोज सकाळी तिठ्यावरून कामावर जाणाऱ्यांना तेच सोडतात. “हेल्पराक सातशें,” ते म्हणाले. “मिस्त्रीक हजार. स्लॅब आसल्यार जेवण वयर.” चौकटीचा चौथा कोपरा त्यांनी गुडघ्याखाली दाबला, गाठ मारली, टोक कापलं.

“तुवें ताका सांगलें ना?”

मी पाइप पुन्हा चेनगार्डकडे वळवला. माती अजून निघत होती.